पुतणीला डेंटलसाठी बाहेरदेशी पाठवावं का? स्वस्तात कुठला देश बरा, कुणाला अनुभव आहे का

औशाचा_काका

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

थोरल्या भावाची मुलगी दोन वर्षं लातूरला होस्टेलवर राहून नीटचा अभ्यास करत होती, यंदा दुसऱ्यांदा दिली. क्वालिफाय झाली पण सरकारी डेंटलला नंबर लागेल असं वाटत नाही. एमबीबीएसचा विषय तिनं स्वतःच सोडलाय, तिला आधीपासून दाताचंच शिकायचंय. आमच्या आईची कवळी कधी नीट बसलीच नाही, वाटीत पाण्यात ठेवलेली असायची आणि आई भाकरी दुधात कुस्करून खायची, ती वाटी हातात घेऊन हे लेकरू विचारायचं की आजी ही तुला टोचते कुठं नेमकी. तेव्हापासूनचं आहे ते.

आता गेल्या आठवड्यात लातुरात एका कन्सल्टन्सीचा सेमिनार झाला, तिथं भाऊ आणि ती जाऊन आले. त्यांनी सांगितलं जॉर्जिया पाच वर्षं, युरोपची डिग्री, राहण्याखाण्यासकट बावीस लाख. फिलिपिन्स सहा वर्षं, त्याहून थोडं कमी. रशियाचं पण सांगितलं. इथं प्रायव्हेटला बीडीएस करायचं म्हटलं तर तीस लाखाच्या खाली होत नाही असं तेच म्हणाले. शनिवारपर्यंत पन्नास हजार भरून सीट पकडा म्हणतायत.

भावाची चार एकर आहे, सोयाबीन, आणि गावात छोटी पिठाची गिरणी. एक एकर काढायची तयारी केलीय त्यानं. मी पुण्यात नोकरीला आहे म्हणून मला विचारतोय, पण मला यातलं काहीच कळत नाही आणि एकदा जमीन गेली की परत येत नाही. कुणी डेंटिस्ट असतील, कुणाची मुलं बाहेर असतील तर खरं काय ते सांगा. ओबीसी आहोत, तेही सांगून ठेवतो.

---

नांदेडची_डेंटिस्ट

दादा, पहिलं म्हणजे शनिवारपर्यंत एक रुपया भरू नका. ज्या कॉलेजला खरंच मुलं हवी असतात ते शनिवार-रविवार बघत नाहीत.

मी नागपूरच्या सरकारी डेंटलची, क्लिनिक टाकून पंधरा वर्षं झाली. तुम्ही विचारलंय स्वस्त देश कुठला, मी म्हणेन तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न मुलीला विचारा की तू दात कुठं काढणार आहेस, म्हणजे प्रॅक्टिस कुठं करणार. औशात, लातुरात, पुण्यात करायची असेल तर बाहेरची डिग्री घेऊन आल्या आल्या बोर्ड लावता येत नाही. कायद्यानुसार राज्याच्या दंत परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, आणि बाहेरून शिकून आलेल्यांना त्याआधी स्क्रीनिंग टेस्ट द्यावी लागते. मेडिकलवाल्यांची एफएमजीई सगळ्यांना माहीत असते, डेंटलची वेगळी आहे, एफडीएसटी म्हणतात, घेतं एनबीईएमएसच, म्हणजे वैद्यकीय परीक्षांचं राष्ट्रीय मंडळ. सेमिनारमध्ये हे नाव एकदा तरी आलं का ते भावाला विचारा. शिवाय २०२३ मध्ये नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा झालाय, त्यात पुढे एक्झिट टेस्टची तरतूद आहे, म्हणजे आज जाणारी मुलगी परत येईल तेव्हा नियम आजचेच असतील असंही धरून चालू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे शिक्षण पुस्तकातलं कमी आणि हातातलं जास्त आहे. आम्हाला पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावायचे, एक एक दाढ चार चार तास, आणि मॅडम यायच्या, प्रकाशात धरून फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या परत कर. दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे पुतळ्याच्या तोंडात, मग काढलेल्या खऱ्या दातांवर. तिसऱ्या वर्षी खरा पेशंट. माझी पहिली दाढ काढायला चाळीस मिनिटं लागली, पेशंट भाजीवाले काका होते, मला म्हणाले बाई घाबरू नका, मी बसलोय. ते मराठीत म्हणाले म्हणून मला धीर आला, आणि मी मराठीत विचारू शकले की बधिर झालंय का, ओठ जड वाटतोय का. हा प्रश्न परक्या भाषेत विचारता आला नाही आणि उत्तर कळलं नाही तर विद्यार्थी बाजूला उभा राहून बघतो. बघून दात काढता येत नाही.

माझ्याकडे एक मुलगी दोन वर्षं असिस्टंट होती, बाहेरून डेंटल करून आलेली, देशाचं नाव लिहीत नाही. हुशार, थिअरी माझ्यापेक्षा पक्की. पण तिथं पेशंट तिथल्या भाषेत बोलायचे आणि हिला कामचलाऊच यायची, त्यामुळे पाच वर्षांत हातून मोजके दात निघाले आणि रूट कॅनल तर दोनच. स्क्रीनिंग निघेपर्यंत ती माझ्याकडे सक्शन, म्हणजे लाळ ओढायची नळी, धरून उभी राहायची. शेवटी निघाली पास होऊन, आज तिचं चांगलं चाललंय, मला तिचा अभिमान आहे. पण ती मधली वर्षं आणि आईवडिलांचं कर्ज कुणी पत्रकात छापत नाही.

म्हणून कुठल्याही कॉलेजला एकच विचारा, लेखी विचारा. तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या वर्षात परदेशी विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं किती एक्स्ट्रॅक्शन, किती रूट कॅनल, किती कवळ्या पूर्ण कराव्या लागतात, आणि पेशंट कोण आणून देतं. फिलिपिन्समध्ये बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यालाच पेशंट शोधून आणावे लागतात, हे तिथल्या मुलांकडून ऐकलंय.

---

कोथरूड_आई

माझा मुलगा जर्मनीत डेंटल करतोय, पाचवं सेमिस्टर. जर्मनीत फुकट शिक्षण असं ऐकून फार जण विचारतात म्हणून इथे सविस्तर लिहिते, तुमच्या भावालाही उद्या कुणीतरी सांगेलच.

ट्यूशन फी सरकारी युनिव्हर्सिटीत खरंच नाही, सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क दोन-तीनशे युरो, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास पण येतो. फक्त बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन वगैरे, युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ सुटतात. युरो शंभरच्या आसपास धरा, म्हणजे वर्षाला बारा लाख नुसते राहण्या-खाण्या-इन्शुरन्सचे. हे फुकट नाही हो. सहा-साडेसहा वर्षं धरली तर आकडा तुम्हीच करा. कामाची परवानगी आहे, वर्षाला १४० पूर्ण दिवस, पहिली दोन वर्षं माझ्या मुलानं वेअरहाऊसमध्ये काम केलं, पण पुतळ्यावरचं प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तो कॉलेजात असतो, नंतर लॅबमध्ये, तेव्हा काम जमत नाही.

आणि सीट. डेंटल पूर्ण जर्मनमधूनच आहे, सरकारी युनिव्हर्सिटीत इंग्लिशमध्ये मिळतच नाही, भाषा सी-वन पर्यंत लागते (पातळ्या ए-वन पासून सी-टू पर्यंत असतात). आपली नुसती बारावी त्यांना पुरत नाही, आधी श्टुडिएनकोलेगचा एम-कुर्स, म्हणजे मेडिकल-डेंटलच्या आधीचा तयारीचा कोर्स, करावा लागला, एक वर्ष, त्यालाही प्रवेश परीक्षा. त्याच्याही आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट वगैरे कागद खरे असल्याचं प्रमाणपत्र, नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या मुलांना ते बंधनकारक झालंय. आणि युरोपबाहेरच्यांसाठी जागा अगदी थोड्या, शंभरात पाचच्या आसपास. माझ्या मुलाला पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आले, अकरा पत्रं, मी ती फाइलला लावून ठेवलीत. दुसऱ्या वर्षी एका पूर्वेकडच्या शहरात लागला. म्हणजे बारावीनंतर साडेतीन वर्षांनी पहिला दिवस कॉलेजचा.

तरी सांगते, शिकवतात जीव ओतून. नर्सिंगचं एक महिना काम करावं लागतं आधी, हॉस्पिटलच्या वॉर्डात आजोबांना अंघोळ घालण्यापर्यंत, मुलगा फोनवर म्हणाला आई मला इथेच भाषा आली, वर्गात नाही. ज्याला तिथेच राहायचंय, जर्मन शिकायची मनापासून आवड आहे आणि घरचे सात-आठ वर्षं थांबू शकतात त्यानं जरूर करावं. त्यानं आधी इथेच मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये बी-वन बी-टू करून बघावं, तिथेच कळतं आपल्याला झेपतंय का. पण औशाला परत येऊन क्लिनिक टाकायचं असेल तर हा रस्ता माझ्या मते लांबचा आहे.

---

औशाचा_काका

दोघी ताईंचे मनापासून आभार. रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं फोनवर. पुतणीला विचारलं प्रॅक्टिस कुठं करणार, ती म्हणाली इथंच, बाहेर राहायचं नाही, फक्त शिक्षण स्वस्त म्हणून बाहेर. स्क्रीनिंग टेस्टचा शब्द सेमिनारमध्ये निघाला नव्हता असं दोघंही म्हणतायत.

पण भावाचं म्हणणं जॉर्जिया युरोपात आहे, तिथली डिग्री युरोपभर चालते असं त्यांनी स्क्रीनवर दाखवलं होतं, मग इथं परीक्षा कशाला. हे खरं का?

---

तिबिलिसी_तिसरं_वर्ष

काका मी तिबिलिसीत मेडिकलला आहे, डेंटल नाही, पण माझी रूममेट डेंटलची आहे म्हणून तिला विचारून लिहितोय असं नाही, तिनंच बसून लिहून घेतलंय माझ्याकडून, तिला मराठी येत नाही, ती केरळची.

जॉर्जिया युरोपियन युनियनमध्ये नाहीये. २०२२ मध्ये अर्ज केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळाला, एवढंच. इथे क्रेडिट युरोपच्या पद्धतीनं मोजतात, डेंटलचे पाच वर्षांचे ३००, त्यावरून एजंट युरोपियन डिग्री म्हणतात. क्रेडिट मोजायची पद्धत एक असणं आणि जर्मनीत-फ्रान्समध्ये लायसन्स मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात तर त्याचा काही संबंधच नाही, इथून जाणाऱ्या प्रत्येकाला तिकडची परीक्षा आहेच.

शिक्षण वाईट नाही, जुन्या सरकारी युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर खरंच चांगले आहेत, सगळ्यांना एका मापात मोजू नका. पण रूममेट म्हणते पेशंटशी जॉर्जियन बोलावं लागतं आणि लिपीच वेगळी आहे, पहिल्या वर्षापासून भाषेचा तास असतो तो मुलं गांभीर्यानं घेत नाहीत आणि तिसऱ्या वर्षी क्लिनिकला उभं राहिल्यावर रडू येतं. ती रोज संध्याकाळी खालच्या बेकरीवाल्या आजींकडे जाऊन अर्धा तास गप्पा मारते, दात दुखतो, सूज आहे, थंड लागतं, एवढी वाक्यं तिनं त्या आजींकडून शिकली. आता तिला पेशंट मिळतात, बाकीच्यांना तिच्या मागं उभं राहावं लागतं.

बावीस लाखाचं म्हणाल तर फी डॉलरमध्ये असते आणि ते बावीस आजच्या भावानं आहेत. मी आलो तेव्हापासून डॉलर वरच चाललाय. शिवाय डेंटलवाल्यांना इन्स्ट्रुमेंटचा खर्च असतो, तिकिटं असतात, व्हिसा-रेसिडन्स कार्ड दरवर्षी. ते कुणी बावीसमध्ये धरत नाही.

---

मेलबर्न_सांगलीकर

मी उलट्या बाजूनं सांगतो. सांगली जिल्ह्यातला, बीडीएस महाराष्ट्रातच प्रायव्हेट कॉलेजात केलं, तीन वर्षं गावाजवळ प्रॅक्टिस केली, मग ऑस्ट्रेलियाची परीक्षा दिली. इथं ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिल आधी कागद तपासते, मग लेखी, मग प्रॅक्टिकल, तिन्ही पार पडलं की रजिस्ट्रेशन. कॅनडा, इंग्लंड सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच आहे, अमेरिकेत मात्र परत दोन-तीन वर्षं कॉलेज करावं लागतं आणि ते भयंकर महाग आहे.

सांगायचा मुद्दा, बाहेर जायची इच्छा उद्या झालीच तरी भारतातली बीडीएस त्याच्या आड येत नाही. उलट कागद तपासताना जिथं शिकलात तिथलं रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंग, म्हणजे आपल्याविरुद्ध तक्रार नसल्याचं पत्र, मागतात. आता समजा मुलगी फिलिपिन्सला शिकली, तिथं परदेशी नागरिकाला प्रॅक्टिसचं लायसन्स सहजी मिळत नाही, आणि भारतातली स्क्रीनिंग अडकली, तर ती कुठल्याच देशाची डेंटिस्ट नाही. डिग्री आहे, फोटो आहे काळा कोट घालून, पण पेशंटच्या तोंडाला हात लावायचा हक्क कुठंच नाही. हे मी एका ओळखीच्या मुलाचं बघितलंय, फार वाईट वाटतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मला तारलं ते गावाकडच्या तीन वर्षांनी. दिवसाला बारा-पंधरा पेशंट, तंबाखूनं झिजलेले दात, अर्धवट मोडलेल्या दाढा. परीक्षेत क्राउन म्हणजे टोपी बसवण्यासाठी दात तासताना हात आपोआप चालला.

---

बीडचा_बाप

काका, एक गोष्ट इथं कुणीच बोललं नाही आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुमची पुतणी मुलगी आहे, ओबीसी आहे, आणि चार एकर व गिरणीवर तुमच्या भावाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखाच्या आत असणार. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारचा जीआर निघालाय, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखापर्यंत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी निम्मी होती. आणि हे फक्त सरकारी कॉलेजला नाही, प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजलाही आहे, अट एवढीच की प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर नाही मिळत. ते तीस लाख जे सांगितलं ते बहुतेक अभिमतचं किंवा मॅनेजमेंटचं असणार. प्रायव्हेट कॉलेजची कॅपची फी सरकारची फी नियामक प्राधिकरण ठरवते, ती त्याच्यापेक्षा बरीच खाली असते, आणि तीही तुम्हाला माफ.

माझी मुलगी असंच प्रायव्हेट डेंटलला लागली. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस आणि इन्स्ट्रुमेंट आपल्याला भरावं लागतं, ते काही थोडं नाही. एअरोटरचा हँडपीस, मायक्रोमोटर, आर्टिक्युलेटर, बर, सीनियर मुलींकडून जुनं घेतलं तर निम्म्यात होतं, आम्ही तसंच केलं. पण एकर काढावी लागली नाही.

कागद मात्र आत्ता लागतील. जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमी लेयर चालू वर्षाचं, डोमिसाइल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. व्हॅलिडिटी नसेल तर आजच सांगा, त्यालाच वेळ लागतो. आणि कॅपला पसंतीक्रम भरताना आपल्या मराठवाड्यापुरतं भरू नका, विदर्भ, खानदेश, कोकण, जिथं कॉलेज असेल तिथं भरा, खाली भरलं म्हणून काही बिघडत नाही.

---

नांदेडची_डेंटिस्ट

बीडचे दादा, बरं झालं लिहिलंत, मी माझ्या काळातल्या फीच्या हिशोबात अडकले होते, हे डोक्यातच आलं नाही.

काका, कॉलेजची यादी आली की इथे टाका. मी दोन-तीन कॉलेजांत परीक्षेला जाते, ओपीडीला गर्दी कुठं असते ते सांगू शकते. बिल्डिंग बघू नका, सकाळी दहा वाजता ओपीडीच्या बाकड्यावर किती माणसं बसलीत ते जाऊन मोजा. तालुक्याच्या एसटी स्टँडजवळचं जुनं कॉलेज असेल तर बाकडी भरलेली असतात, आणि मुलीचा हात तिथंच तयार होतो.

---

औशाचा_काका

काल गावी आलो. भावाला जीआरची प्रिंट काढून दिली, त्यानं दोनदा वाचली आणि मग वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवली. कन्सल्टन्सीला फोन करून नाही सांगितलं. ते म्हणाले सीट जाईल, भाऊ म्हणाला जाऊ द्या.

व्हॅलिडिटी अकरावीतच काढून ठेवली होती शाळेनं सांगितलं म्हणून, ती सापडली ट्रंकेत. नॉन-क्रीमी लेयर मात्र मार्चला संपलंय. सोमवारी सेतूत जातोय. बीडचे दादा, उत्पन्नाचा दाखला आधी काढावा लागतो का दोन्ही अर्ज एकदम देता येतात? आणि गिरणीचं उत्पन्न दाखवायला लाइटबिल चालतं का?

---

बीडचा_बाप

उत्पन्नाचा आधी, तो नॉन-क्रीमी लेयरला जोडावा लागतो. तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. सातबारा, आठ-अ आणि रेशन कार्ड घेऊन आधी तलाठ्याला भेटा, गिरणीचं त्याला खरं खरं सांगा आणि लाइटबिल सोबत ठेवा, काय जोडायचं ते तोच सांगेल. सकाळी लवकर जा, दहानंतर सर्व्हर चालत नाही.